पुढं घुसू की साइट धरून बसू?

प्रश्न: दादा, आम्ही धरमपेठचे पाच जण व्हॅलोरंट हा टीमचा शूटिंग गेम खेळतो. मी सेज (भिंत टाकणारी कॅरेक्टर) घेऊन साइट, म्हणजे बॉम्ब लावायची जागा, धरतो तर पोट्टे म्हणतात काहून बे भित्र्यासारखा बसतो, किल्स तर येतच नाही तुले. मीपण घुसायला लागू का?

उत्तर: अरे राजा, किल्स मोजणारे दोस्त सगळ्यांनाच असतात. १२ राउंडनंतर बाजू बदलते, म्हणजे निम्मा वेळ डिफेन्सच करायचाय ना. राउंड १०० सेकंदांचा, तू भिंत टाकून समोरच्यांचा टाइम खाल्ला तरी लय झालं, ते स्कोअरबोर्डवर दिसत नाही एवढंच. पण स्पाइक, म्हणजे अटॅकवाल्यांचा बॉम्ब, लागल्यावरही कोपऱ्यात बसला असशील तर पोट्टे बरोबर बोलतात, कारण ४५ सेकंदांत तो फुटतो अन तो निकामी (डिफ्यूज) करायलाच ७ जातात, तेव्हा सगळ्यांनी सोबत घुसायचं, एकेक करून मरायला नाही. अटॅकला आधी ड्युएलिस्ट, म्हणजे पुढं घुसून लढणारा, जाईल, तू लगेच त्याच्या मागं, तो पडला की मारणाऱ्याला तिथंच पाडायचं. तुमच्यात जेट ही ड्युएलिस्ट कोण घेतो ते लिहिलं नाहीस. त्याला विचार, तो आत घुसतो तेव्हा मागं कोणी असतं का?