पुढचं पिस्तूल कोणतं?

महिनाभराची पत्रं एका बैठकीत वाचली. मजकूर वेगळा असला तरी शेवट बहुतेकांचा सारखाच: ‘एक आहे, आता पुढचं कोणतं घेऊ?’ भारतातल्या वाचकांनी या प्रश्नातला ‘पुढचं’ हा शब्द ‘शेवटचं’ असा वाचावा. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सामान्य परवानाधारकाला जवळ बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. म्हणजे दुकानाच्या काचेपुढे उभं राहण्याआधी घरातलं कपाट मोजायचं.

प्रश्न : आजोबांची दुनळी बारा बोअर बंदूक माझ्या नावावर झाली आहे. मळ्यात वस्तीवर राहतो, म्हणून एक लहान हत्यार घ्यायचं मनात आहे. ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर घेऊ, ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हर घेऊ की .३२ चं पिस्तूल? वडिलांकडे (वय ७४) जुनं कानपुरी .३२ रिव्हॉल्व्हर आहे, पण ते त्यांच्या परवान्यावर आहे. (सांगली जिल्हा)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पत्राच्या शेवटच्या ओळीतच आहे. दुनळीने एक जागा घेतली, उरली एक. त्या जागेवर आज नवं काही घेतलंत तर उद्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर कुठे ठेवणार? वारशाने आलेलं हत्यारही दोनच्या हिशेबातच धरतात. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो हयात असतानाच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वडील ७४ चे आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत जा, भावंडांची लेखी संमती सोबत ठेवा, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काढा. तुमचं पुढचं हत्यार घरातच आहे. लाखभर रुपये वाचतील ते वेगळेच.

तरीही तुलना विचारली आहेत म्हणून सांगतो. ‘निर्भीक’ २०१४ साली आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास, जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरसारखं मधून मोडून भरायचं. ‘प्रबल’ २०२३ चं, साधारण ७०० ग्रॅमचं, आणि त्याचं काडतुसांचं चक्र बाजूला उघडतं. जाहिरातीत त्याचा ५० मीटरचा पल्ला ठळक अक्षरात असतो. तो आकडा विसरा. नवख्या हाताला रिव्हॉल्व्हरने दहा मीटरवर परातीएवढं लक्ष्य सहा वेळा लागलं तरी मी पाठ थोपटेन. दोन्हींत मला जड ते बरं वाटतं. हलकं हत्यार कमरेला सुखाचं असतं, पण बार काढताना तेच हाताला जास्त धक्का देतं. आणि वर्षातून चारदा सराव करणाऱ्या माणसाने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये. काडतूस अडकलं तर सोडवायची सवय बोटांत असावी लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढला की काम पुढे सरकतं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. ‘.३२’ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात. रिव्हॉल्व्हरचं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, बुडाला रुंद कड असलेलं. पिस्तुलाचं ते .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग, आखूड. गंमत, म्हणजे धोका, असा की पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बऱ्याचदा गुमान बसतं. पण त्याचा दाब बराच जास्त आहे: अमेरिकन मानकानुसार रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला चौरस इंचाला १५,००० पौंडांची मर्यादा, पिस्तुलाच्या काडतुसाला २०,५०० ची. वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला हा खुराक देऊ नका. दुकानात ‘बत्तीसची द्या’ म्हणायचं नाही. पूर्ण नाव सांगायचं आणि डबी उघडून बूड बघायचं.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल खेळते. प्रशिक्षक म्हणतात, स्वतःचं घ्या. परदेशी पिस्तुलांच्या किमती बघून घाम फुटला. त्यात आता तिला २५ मीटरही खुणावतंय. आधी कोणतं? (नाशिक)

आधी एअर पिस्तूलच, यात दुमत नको. ४.५ मिलिमीटरच्या आतली आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची हवेची शस्त्रं परवान्याशिवाय घेता येतात. स्पर्धेचं एअर पिस्तूल सहा ज्यूलच्या आसपास असतं. २५ मीटरचं .२२ मात्र अग्निशस्त्र आहे आणि सर्वसाधारण परवान्याला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. तोवर क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली.

कोणतं घ्यायचं? स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ या चौघांत गोळी कोण सरळ मारतं असा फरक शोधू नका. शिकंज्यात धरून मारली तर चारही पिस्तुलं ११.५ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळात एकाच भोकात छर्रे घालतात. फरक पडतो तो मुठीचा. लाकडी मूठ लहान-मोठ्या मापांत येते आणि १४ व्या वर्षी हात अजून वाढत असतो. म्हणून मूठ आज बसेल अशी घ्या, पुढे बदलता येईल अशी घ्या. आज सैल आहे पण पुढे भरेल, हा हिशेब गणवेशाला चालतो, मुठीला नाही. सैल मुठीत मनगट रोज वेगळ्या कोनात बसतं आणि ती चुकीची सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात.

वजनाचंही तेच. नियमाने कमाल दीड किलो चालतं, म्हणून दीड किलो उचलायला हवं असं नाही. ती हात लांब करून ६० नेम ७५ मिनिटांत मारणार आहे. पाऊण तासानंतर तिचा खांदा काय म्हणतो ते बघा. ज्युनिअर खेळाडूंसाठी आखूड, हलकी मॉडेलं येतात. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचं बंधन आहे आणि स्पर्धेआधी खरोखरच वजन टांगून तपासतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ लागतो हे खरं, पण पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिकच सुचवतो. बिघडला तर निदान काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं.

जुनं घ्यायला हरकत नाही, मी तर तेच सुचवीन. मात्र सर्वांत आधी हवेच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. साधारण दहा वर्षांची मुदत असते. ती उलटली की स्पर्धेतल्या तपासणीत ते बाजूला ठेवतात आणि नव्या नळकांड्याचा खर्च ‘स्वस्तात मिळालं’ या आनंदावर पाणी ओततो.

मग ‘पुढचं’? दोन-तीन वर्षांनी ती राज्य पातळीवर टिकली तर दुसरं एअर पिस्तूल घ्या आणि तेही अगदी तेच. तीच कंपनी, तेच मॉडेल, तीच मूठ. लोकांना हे ऐकून निराशा होते, नवं खेळणं हवं असतं. टोकियोत २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ती १२ वी आली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली. पण टोकियोतली ती मिनिटं परत मिळाली नाहीत. सुटं पिस्तूल हातात ‘तेच’ वाटलं तरच ऐनवेळी कामाला येतं.

२५ मीटरबद्दल एवढंच की हा खेळ वेगळा आहे. पहिल्या ३० गोळ्या सावकाशीच्या, नंतरच्या ३० अशा की लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद नाहीसं होतं, आणि दर वेळी हात खालून वर आणून एकच गोळी. ट्रिगरही किमान एक किलोचा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं. मुलीला आधी क्लबच्या .२२ वर हंगामभर खेळू द्या. तिला सावकाशीचा भाग आवडतो की घाईचा, हे कळल्याशिवाय पैसे बाहेर काढू नका.

प्रश्न : माळ्यावर पणजोबांचा तमंचा सापडला. घोडा आहे, पण त्याच्या तोंडात चकमक नाही. खाली स्तनाग्रासारखं लहान बोंड आहे. भाऊ कॅनडात असतो, तो म्हणतो मी संग्रहात ठेवतो. साफ करून पाठवू का? (रत्नागिरी)

साफ करू नका, पाठवूही नका. आणि त्याआधी, नळी कोणाकडेही वळवू नका. ठासणीची जुनी हत्यारं भरलेली सापडतात. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी बार ठासला आणि तो तसाच राहिला. एक लाकडी काडी तोंडातून अलगद आत सरकवा, कुठवर गेली ती खूण करा, मग नळीच्या बाहेर धरून बघा. काडी बोंडाच्या बरीच अलीकडे थांबली तर आत काहीतरी आहे. मग ते तिथेच ठेवून जाणत्याला बोलवा.

बोंड म्हणजे टोपीची बंदूक: बोंडावर स्फोटक टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की बार उडतो. तोडेदार (पेटत्या वातीच्या) आणि चकमकीच्या नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. चिंच, राख, लिंबू यांपासून दूर ठेवा. तो काळपट थर म्हणजेच संग्राहकाच्या लेखी तिचं वय. सुक्या कापडाने पुसून तेलाचा पुसट हात दिलात की पुरे. कायद्याचं म्हणाल तर नुसतं जुनं असून भागत नाही. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही असं हत्यारच परवान्यातून सुटतं, आणि हे ठरवणं तुमच्या-माझ्या हातात नाही. शस्त्र शाखेला लेखी कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. भावाला फोटो पाठवा.

प्रश्न : न्यू जर्सीत १५ वर्षं आहे, ग्रीन कार्ड आहे. ग्लॉक १९ रेंजवर वापरतो. आता ‘संग्रह’ म्हणावा असं काही जमवायचं आहे. मित्र म्हणतात, पुढचं ‘१९११’ मॉडेलचं कोल्ट पिस्तूल घे. तुम्ही काय म्हणता?

(इथल्या वाचकांसाठी : ग्लॉक १९ नऊ मिलिमीटरचं आहे, तो आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. कृपया त्याबद्दल पत्रं नकोत.)

१९११ उत्तम पिस्तूल आहे आणि तुमच्या प्रत्येक मित्राकडे ते असणार. संग्रहाला सूत्र लागतं, नाहीतर ती नुसती अडगळ. तुम्ही मराठी माणूस, तुमच्याकडे एक सूत्र आयतं आहे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पाठवली होती. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं मॉडेल १९००. जॉन ब्राउनिंगची रचना, ७.६५ चं काडतूस त्याच्यासाठीच जन्मलं, सात गोळ्यांचं मॅगझिन. दिसायला विचित्र : एकावर एक दोन नळ्या असाव्यात तसं. वरच्या पोकळीत स्प्रिंग, नळी खालच्या बाजूला. लाखोंनी बनलं, त्यामुळे बाजारात मिळतं आणि १९११ च्या जुन्या नगांसारखं खिसा कापत नाही.

घेताना मुठीवरच्या पट्ट्या मूळच्या आहेत का बघा; त्यांवर पिस्तुलाचंच छोटं चित्र असतं. पोलादावरची निळाई नव्याने चढवलेली असेल तर अक्षरांच्या कडा गोलसर झालेल्या दिसतात. असा नग चकचकीत असतो आणि मोल अर्धमुर्धं. ते दाखवायला ठेवा, रेंजवर ग्लॉक आहेच.

त्यानंतर वेब्ली. मार्क सिक्स, १९१५ चं, .४५५ बोअरचं. अमेरिकेत युद्धानंतर आलेल्या ढिगातली बरीच वेब्ली .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस चालावं म्हणून चक्राच्या मागच्या बाजूने तासलेली आहेत. विक्रेता हे गुण म्हणून सांगतो, ‘गोळ्या सहज मिळतात’. संग्राहकाच्या दृष्टीने तो नग जखमी झालेला असतो, आणि कारखान्याची .४५ एसीपी त्या रिव्हॉल्व्हरला जास्तच जोराची पडते. न तासलेलं मिळेपर्यंत थांबा.

कागदांचं : ५० वर्षांहून जुन्या नगांसाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, संग्राहक परवाना आहे, तीन वर्षांना ३० डॉलर. दुसऱ्या राज्यातून असा नग मागवताना तो उपयोगी. पण त्याने न्यू जर्सी माफ करत नाही. तिथे प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट आणि ३० दिवसांत एकच खरेदी. माझ्या मते संग्राहकाला ही सक्तीची उसंत बरीच.

प्रश्न : डॅलसला एच-१बी वर आहे. टेक्सासमध्ये सगळ्यांकडे असतं, मीही पहिलं घेऊ शकतो ना?

एरवी नाही. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा, आणि फेडरल कायद्याने अशा व्यक्तीला अग्निशस्त्र किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. टेक्सास कितीही सैल असलं तरी फेडरल कायदा वर. नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो नसेल तर रेंजवर मित्राचं पिस्तूल ‘दोन गोळ्या मारून बघ’ म्हणून हातात घेणंसुद्धा त्याच मनाईत येतं, आणि त्याचा डाग थेट व्हिसावर पडतो. शिकार परवाना काढलात तर त्याची मुदत किती आहे ते आधी वाचा. संपली त्या दिवशी अपवादही संपतो.