नवी स्कूटर घेतलीस, आता एवढं सांभाळ

मशीनमधलं काही कळत नाही म्हणून घाबरू नकोस. आधी हवा. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला पुढे 22, मागे एकट्याला 29 आणि डबलसीटला 36 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) लागते. आठवड्यातून एकदा, गाडी फार पळालेली नसताना, म्हणजे टायर गार असताना भर. पंपावरच्या मुलाला आकडा तूच सांग, नाहीतर तो दोन्ही चाकांत सारखीच ठोकून देतो. हवा कमी असली की गाडी वळताना जड लागते, पेट्रोलही जास्त जातं.

ब्रेकची मूठ हँडलला टेकेपर्यंत दाबावी लागत असेल तर त्याच दिवशी मेकॅनिककडे जा. हे काम उद्यावर टाकायचंच नाही.

इंजिन ऑइल सर्व्हिसिंगपुरतंच आठवू नकोस, मधूनमधून गाडी मेन स्टँडवर लावून ऑइलच्या झाकणाला असलेल्या दांडीवर पातळी बघ. मागच्या चाकाजवळच्या गिअर बॉक्सचं ऑइल वेगळं असतं. सर्व्हिसिंगला तेही मुद्दाम विचार, बरेचदा राहून जातं.

पहिल्या पावसात पुण्यातले रस्ते फार निसरडे होतात, धूळ आणि सांडलेलं ऑइल वर येतं. तेव्हा पुढचा ब्रेक एकटा करकचून दाबू नकोस. दोन्ही मिळून, हळूहळू दाब. आणि हेल्मेटचा पट्टा लावलेलाच हवा, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानासुद्धा.