तीन नोड, एक नॅस: आयस्कझी की एनएफएस?

तीन प्रॉक्समॉक्स नोड (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर), एकच नॅस (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज), त्यावरचा आयस्कझी लन (नेटवर्कवरून कच्च्या डिस्कसारखा दिसणारा भाग) तिन्ही नोडना दिसतोय आणि आता त्यावर एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा देणारा डिस्क पूल) टाकून ‘शेअर्ड’वर टिक करायची, असं तुम्ही लिहिलंय. आयस्कझी की एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटून देणारी पद्धत) हे नंतर बघू. आधी ते एलव्हीएम-थिन थांबवा.

लन तिघांना दिसतो म्हणून तिघांनी एकदम वापरायचा असं नसतं. आयस्कझी फक्त ब्लॉक पोचवतं; कोणी कुठे लिहिलं याची खबर एका नोडकडून दुसऱ्याकडे जात नाही. थिन पूलचा मेटाडेटा (कुठली जागा कोणाला दिली याची नोंद) तर एकच मशीन सांभाळतंय असं गृहीत धरूनच बनलाय. दोन नोडवर तो पूल चालू झाला, की एसटीच्या दोन खिडक्यांनी एकमेकींना न विचारता एकच सीट विकावी तसं होतं. पहिले काही दिवस सगळं झकास चालतं, हाच खरा धोका. व्हीएमवेअरकडून आलेल्यांची इथे हमखास गल्लत होते, कारण तिकडे व्हीएमएफएस मुळातच क्लस्टर फाइलसिस्टीम आहे, म्हणजे अनेक नोडनी एकदम वापरायलाच बनलेली.

आयस्कझीच हवं असेल तर साधं, जाड एलव्हीएम घ्या. ते शेअर होतं. पण दिलेली जागा पूर्ण अडकते, आणि प्रॉक्समॉक्स आवृत्ती ९ च्या आधी त्यावर स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची, परत जाता येईल अशी अवस्था) नव्हतेच. २०२५ मध्ये आले तेही टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू म्हणून.

तुमच्या जागी मी सरळ एनएफएस घेईन. क्यूकाऊ२ फाइल (व्हीएमची डिस्क एका फाइलमध्ये), स्नॅपशॉट, डोक्याला ताप कमी. एक्स्पोर्टला (नॅसवरून वाटलेल्या फोल्डरला) नो-रूट-स्क्वॉश, म्हणजे नोडच्या रूटला पूर्ण अधिकार, लागेल, म्हणून तो फक्त त्या तीन आयपींनाच उघडा. माउंट ‘हार्ड’च राहू द्या: नेटवर्क गडबडलं तर व्हीएम थांबून राहतील, पण ‘सॉफ्ट’सारखा मध्येच डिस्क एरर खाणार नाहीत. नॅसवर झेडएफएस फाइलसिस्टीम असेल तर डेटाबेसवाले व्हीएम हळू वाटतील आणि कोणीतरी ‘सिंक डिसेबल्ड करून टाका’ म्हणेल, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का लिहिण्याआधीच ‘झालं’ सांगायचं. आपल्याकडच्या विजेच्या भरवशावर? नकोच. पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेली एसएसडी स्लॉग (अशा पक्क्या लिखाणाची वेगवान नोंदवही) म्हणून लावा.

आता नेटवर्क. माझ्या मते प्रोटोकॉलपेक्षा घोडं इथेच जास्त अडतं. १ गिगाबिटवर सगळ्या व्हीएमना मिळून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. दोन तारा एलएसीपीने बांधल्या तरी एका टीसीपी कनेक्शनला एकच तार मिळते. आयस्कझीला त्याऐवजी दोन वेगळे सबनेट आणि मल्टिपाथ (दोन्ही वाटा वापरणं). जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) लावल्या तर ‘डोन्ट फ्रॅगमेंट’सह ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक नोडवरून नॅसला मारून बघा, कारण स्विचवर ती सेटिंग करायची विसरली जाते.

आणि कोरोसिंकला (नोडना एकमेकांच्या संपर्कात ठेवणारा भाग) त्याच तारेवर बसवू नका. त्याला बँडविड्थ फारशी लागत नाही, पण उशीर अजिबात खपत नाही. रात्री बॅकअप सुरू होतो, तार भरते, नोडला वाटतं कोरम (नोडांचं बहुमत) गेला, आणि एचए (नोड पडला की व्हीएम दुसरीकडे सुरू करणं) चालू असेल तर वॉचडॉग त्याला रीबूट करतो. सकाळी लोक रॅम तपासत बसतात! जुनं १ गिगाबिट कार्ड आणि साधा वेगळा स्विचही पुरतो.

एवढं करूनही नॅस बसला की तिन्ही नोड बसणार. १५ मिनिटांचा डेटा गेला तर चालण्यासारखं असेल, तर प्रत्येक नोडवर लोकल झेडएफएस आणि प्रॉक्समॉक्सचं रेप्लिकेशन (ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत) बघा. नॅस मग फक्त बॅकअपला. सेफ (Ceph, नोडांच्याच डिस्क मिळून बनणारं सामायिक स्टोरेज) मात्र १० गिगाबिट नेटवर्कशिवाय नको.

नॅसमध्ये एसएसडी आहेत की फिरत्या डिस्क, आणि डेटाबेसचे व्हीएम किती, तेवढं सांगा.