'रीड अप' करायचं म्हणजे किती वाचायचं?

बडोदा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हेरिटेज वॉकचं काम मिळालं, फार छान झालं. आता मॅडमनी 'रीड अप ऑन द बरोडा लायब्ररी मूव्हमेंट' एवढंच लिहून पाठवलंय आणि रविवारी मांडवीजवळ तुला लोकांपुढे उभं राहायचंय. नुसतं वाचू की पाठ करू, असं विचारलंस.

पाठांतर मुळीच नको. विषय वाचून समजून घे, चार माणसांशी बोलता येईल इतका, एवढंच त्यांना हवंय. येत असलेल्याची उजळणी हवी असती, तर त्यांनी 'ब्रश अप' लिहिलं असतं. तुला यातलं काही येत नाही हे त्यांनी धरूनच चाललंय. वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतूनही हे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

फोनवर ठळक गोष्टी लगेच मिळतील: तिसरे सयाजीराव, 1910, अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन, फिरती वाचनालयं. पुष्कळ जण इथंच थांबतात. मग घोळक्यातले एखादे काका विचारतात, "राजाला लायब्ररीचं एवढं काय पडलं होतं हो?" आणि गाडी अडते.

म्हणून पानं मोजू नकोस. वहीत असे काकांचे प्रश्न आधी लिहून काढ आणि त्यांच्या मागे लागून वाच. या प्रश्नाचं उत्तर लायब्ररीच्या पुस्तकात शोधलंस तर अर्धंच सापडेल, शाळांच्या इतिहासात शिरावं लागेल. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, 1906 मध्ये ते संस्थानभर लागू झालं. शाळा सुटल्यावर पुस्तक हाती पडलंच नाही, तर गिरवलेली अक्षरं चार वर्षांत पुसली जाणार. म्हणून गावोगाव वाचनालयं, आणि जिथं ती नव्हती तिथं पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या. पेटीची गोष्ट सगळ्यांनाच आवडते. ती का निघाली हे तुला सांगता आलं, की ऐकणारा मोबाईल खिशात ठेवतो.

दोन ठिकाणी साल वेगळं दिसलं तर घाबरू नकोस, तिथं खूण कर. संस्था सुरू झाली ते साल आणि इमारत उभी राहिली ते साल, यांची गल्लत नेहमी होते. बॉर्डन 1913 पर्यंतच इथं होते, तेव्हा नंतरचं सगळं श्रेय त्यांच्या नावावर टाकणारा लेख जरा जपून वाच.

1912 पासून 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं त्रैमासिक निघत होतं. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. जुना अंक पाहायला मिळाला तर सोडू नकोस. आणि सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशा स्वतः बघून ये, फोटोवर भागवू नकोस.

थांबायचं कधी? तिसऱ्या पुस्तकात नवं काही सापडेनासं झालं की थांब. बाकीचं रविवारनंतर.

मॅडमना कळवताना इंग्रजीत 'आय हॅव रीड अप ऑन इट' असं लिहिशील, स्पेलिंग तेच राहतं. फोनवर सांगताना मात्र 'रेड' म्हण.