एफ कॉर्डवर अडकलेलं पहिलं गाणं

"पहिल्याच गाण्याला स्टेजवर माती खाल्ली, आता परत गिटार हातात घ्यायची हिंमत होत नाही, काय करू?" हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो आणि विचारणारी फक्त कॉलेजची मुलं नसतात. एक गृहस्थ आले होते, वय ४५च्या पुढे (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलीने गिटार शिकायला घेतली होती आणि ती सरावाला बसली की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे. का, ते बायकोलाही माहीत नव्हतं.

तर झालं असं होतं की १८व्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमात ते आयुष्यातलं पहिलं शिकलेलं गाणं वाजवायला गेले, मित्र गाणार आणि हे गिटारवर. गाणं सी मध्ये (म्हणजे सी हा मूळ स्वर धरून), म्हणजे एफ कॉर्ड बहुतेक येणारच. ज्यांनी गिटार धरली नसेल त्यांना सांगते, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही स्वर, आणि एफच्या बार कॉर्डला पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा आडव्या दाबाव्या लागतात, तेही पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरचे आडव्या पट्ट्यांनी पाडलेले घर) जिथे जोर जास्त लागतो, बरेच नवशिके इथेच कंटाळतात. घरी जमत होतं. स्टेजवर हात गार पडले, घाम आला, आणि जी बोटं आपसूक जात होती त्यांच्याकडे हे बघत बसले. घाबरलं की होतंच असं, सवयीच्या हालचालीवर पहारा बसवला की ती बिघडते, जिना उतरताना एकेक पाऊल ठरवून टाकून बघा. हे थांबले, कोणीतरी हसलं. बस.

सांगताना ते म्हणाले, "मी वाकून उभा आहे, कान लालबुंद झालेत." मी विचारलं, तुमचे कान तुम्हाला कुठून दिसले हो? ते गप्पच झाले. म्हणजे इतकी वर्षं ते ही आठवण प्रेक्षकात बसून बघत होते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सोशल अँग्झायटीचं, म्हणजे चारचौघांत वाटणाऱ्या भीतीचं, जे मॉडेल मांडलं त्यात हेच आहे, माणूस स्वतःला बाहेरून बघतो आणि ते चित्र त्याच्या भीतीनेच रंगवलेलं असतं.

मग डोळे मिटून फक्त हातांचं सांगा म्हटलं. हळूहळू निघालं की बोटांना घट्टे पडायच्या आधी तारा कशा कापायच्या, सी वरून जी वर जाताना मित्र पुढची ओळ कशी लांबवून धरायचा म्हणजे यांना वेळ मिळावा. हे सांगताना चक्क हसत होते. गाणं पूर्ण झालं होतं का, हे मात्र आठवेना, आणि मी मुद्दामच खोदलं नाही कारण अशा वेळी आपणच आठवण तयार करून देतो.

त्यांनी स्वतःहून मित्राला फोन केला. मला जरा धाकधूकच होती. मित्र म्हणाला, "थांबला होतास की, आठवतंय ना, पण मी शब्द विसरलो म्हणून तू थांबलास असंच मला आजवर वाटत होतं."

पुढच्या वेळी ते कॅपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) घेऊन आले. पाचव्या फ्रेटवर लावून जी मधल्या गाण्याचे शेप, म्हणजे बोटांच्या ठेवणी, धरले की गाणं सी मध्येच वाजतं आणि एफच्या जागी सोपा सी चा शेप येतो. युक्ती बरोबर आहे, पण मी म्हटलं आत्ता नको, एकदा एफ वाजवा, घाणेरडा वाजला तरी चालेल, आणि कोणाच्या तरी समोर वाजवा, कॅपो नंतर खुशाल लावा. नाहीतर ती पळवाट होते, दुसऱ्या खोलीत जाण्यासारखीच.

मुलीसमोर वाजवला. तार बझ झालीच, म्हणजे खरखरली. ती म्हणाली, "बाबा, अंगठा वर आलाय तुमचा, नेकच्या, दांड्याच्या मागे घ्या जरा."