आधी ईमेलचं कुलूप बघा

ऑनलाइन फसवणुकीला घाबरून दहा सिक्युरिटी अ‍ॅप टाकत बसू नका, नवशिके हमखास तेच करतात. सध्या एवढंच करा:

- ईमेलचा पासवर्ड लांबलचक आणि इतर कुठेही न वापरलेला हवा. बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात, म्हणजे ती घराची मुख्य किल्ली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर ओळखीची आणखी एक खातरजमा) आजच चालू करा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलन 'एपीके' फाइल असेल तर हात लावू नका. पत्रिका कसली, ते अ‍ॅप असतं. एसएमएस वाचून ओटीपी पळवतं. (माझंही बोट एकदा तिथवर गेलं होतं!)
- पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कधीच.

फसलातच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पासवर्ड मॅनेजरचं (सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणाऱ्या सोयीचं) पुढच्या महिन्यात बघू.