ईडिपस गंड : सुजेवर सूज

डिचोलीच्या एका नाटकवाल्या मुलाचा प्रश्न आलाय. सोफोक्लिसचं राजा ईडिपस, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या राजाचं जुनं ग्रीक नाटक, मराठीत बसवतायत, पत्रकात त्यांनी 'ईडिपस गंड' असा शब्द टाकला तर कोणीतरी जाणकार म्हणाले की गंड गावठी वाटतो, 'ईडिपस ग्रंथी' करा. तर बरोबर काय, आणि नाटकातल्या राजाला स्वतःला हा गंड होता का?

बाब, आधी माझा राग काढून घेतो. परवा पणजी मार्केटात एक जण फोनवर आईला विचारत होता, इसवण घेऊ की बांगडे, तर बरोबरचा दोस्त हसत म्हणतो, "ह्याला ईडिपस आहे." अरे ईडिपस काय डेंगी आहे व्हायला? आईला विचारून मासळी घेणारा माणूस शहाणा असतो, एवढंच. मनोविश्लेषणवाला फ्रॉइड बोलत होता ते लहानपणी आईची ओढ नि बापाचं वैर, दोन्ही नेणिवेत दडपलेलं, माणसाला पत्ताच नसलेलं. १५ ऑक्टोबर १८९७ ला मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे स्वतःबद्दलच कबूल केलंय, नाटकाचं नाव घेऊन. 'ईडिपस काँप्लेक्स', म्हणजे आपला ईडिपस गंड, ही जोडी छापून आली मात्र १९१० साली.

काँप्लेक्सचा अर्थ सांगत बसत नाही. लॅटिनमध्ये एकात एक विणलेलं, गुंतलेलं, आणि पर्वरीत तीन मजले नि खाली पार्किंग.

आता गंड. गलगंड, गंडमाळ, हत्तीचं गंडस्थळ. संस्कृतात गंड म्हणजे गाल, फोड, गळू, जे जे फुगून वर येतं ते. आणि ईडिपस म्हणजे काय? ग्रीकमध्ये ओइदेओ म्हणजे सुजणे आणि पूस म्हणजे पाय. सुजलेल्या पायांचा! तीन दिवसांचं सुद्धा झालं नव्हतं पोर तेव्हा बापाने घोटे जखडून डोंगरावर टाकायला दिलं, म्हणून हे नाव. म्हणजे 'ईडिपस गंड' म्हणजे सूजपायाची सूज. मराठीत हा शब्द ज्याने कोणी पहिल्यांदा जोडला त्याला हे ठाऊक असो नसो, जर्मनला जमलं नाही, इंग्रजीला जमलं नाही, ते आपल्याकडे आपोआप झालंय आणि तुमचे जाणकार ते खोडायला निघालेत.

हा पूस परका पण नाही, आपला पाद तोच, त्यातूनच पाय. आणि ओइदेओची सूज डॉक्टरांच्या इडीमात आहे. माझ्या आईच्या केसपेपरवर गेल्या पावसात लिहिलं होतं 'पेडल इडीमा'. डॉक्टरीणबाईने घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, काढला, तर तिथे खळगा तसाच राहिला, हळूहळू भरून आला. मी तो खळगा बघायचा सोडून कागद बघत बसलो, कारण पेडल म्हणजे पायाचा आणि इडीमा म्हणजे सूज, म्हणजे बाईंनी अक्षर न् अक्षर ईडिपसच लिहिलेला. आई म्हणाली, हसतोस काय मेल्या.

ग्रंथीवाल्यांचं म्हणणं मला माहीत आहे. हिंदीत ग्रंथि चालते, ग्रंथी म्हणजे गाठ, काँप्लेक्स म्हणजे गुंता, म्हणून जवळचं. ऐकायला छान. पण मराठी माणसाला ग्रंथी म्हटलं की थायरॉइड आठवतो, आणि ग्रंथीची जी खरी मराठी लेक ती 'गाठ', ती लग्नाची, कॅन्सरची आणि बाजारात अचानक पडणारी. शिवाय न्यूनगंड, अहंगंड रुजलेत, एकट्या ईडिपसला सोवळ्यात कशाला बसवायचं?

बरं गाठच हवी असेल तर ती पण गंडातच आहे, इथे माझंच म्हणणं थोडं सैल पडतंय पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्योतिषात गंडांत म्हणतात तो सांधा, जिथे राशी नि नक्षत्र एकदम संपतात : रेवती-अश्विनी, आश्लेषा-मघा, ज्येष्ठा-मूळ. गंडांतर टळलं म्हणतो ना आपण, ते त्याच घरातलं. आणि मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावर पोर झालं तर बापाला वाईट, दुसऱ्यावर आईला वाईट, हे आमच्या आजीच्या पिढीला तोंडपाठ. मग शांत करायची. तिकडे थीब्जच्या राजाला, म्हणजे ईडिपसच्या बापाला, डेल्फीच्या देववाणीने काय सांगितलं? हा मुलगा बापाला मारणार. त्यांच्याकडे शांत करायची सोय नव्हती बहुतेक, डोंगर होता. माझ्या मते ईडिपस हा अस्सल गंडांतातला पोर, आणि फ्रॉइडने जे नेणिवेत नेऊन ठेवलं ते आपल्याकडे पंचांगात उघडं पडलंय. हसा खुशाल.

त्याला स्वतःला गंड होता का? नव्हता. झाँ-पिएर व्हर्नां नावाच्या फ्रेंच पंडिताने १९६७ मध्ये हेच मांडलं : ईडिपस ज्या बाईला आई समजून वाढला ती कोरिंथची मेरोपी, ओढ असायची तर तिची हवी, आणि तिच्यापासून तर हा लांब पळाला. मुद्दा बिनतोड. फक्त फ्रॉइडचा रोख राजापेक्षा खुर्चीत बसून शहारणाऱ्या प्रेक्षकावर जास्त होता, हे व्हर्नांवाले सोयीने विसरतात. ॲरिस्टॉटलची हमार्तिया, म्हणजे शोकांतिकेतल्या नायकाला बुडवणारी चूक, ती पण अशीच बदनाम, तिचं 'स्वभावदोष' करून ठेवलंय. मूळ शब्द नेम चुकण्याचा, बाणाचा. स्वभावात खोट असणं वेगळं आणि नेम चुकणं वेगळं.

अजून एक, मग थांबतो. ग्रीकमध्ये ओइदा म्हणजे 'मला माहीत आहे'. सुरुवातीचा व ग्रीकांनी गिळलाय, तो परत लावा, आपला वेद निघतो, विद् धातूचा. नावाची व्युत्पत्ती सुजेचीच, पण सोफोक्लिस ह्या ओइदाशी खेळतो : राजा स्वतःच म्हणतो, काहीच माहीत नसलेला मी ईडिपस आलो आणि कोडं सोडवलं. ते स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं पण पायांचंच : सकाळी चार, दुपारी दोन, संध्याकाळी तीन पायांवर चालतं ते काय? माणूस.

तर पत्रकात गंडच ठेवा. आणि कोरिंथचा दूत "तुझे घोटेच साक्ष देतील" म्हणतो ना, तिथे तुमच्या नटाला दूताकडे बघू देऊ नका. खाली बघू दे, पायांकडे. तालमीत करून बघ आणि कळव.